दोन वाट्या तुती

"पाला तोडायचा नाही, फांदी वाकवायची नाही आणि काळीभोर झालेली तेवढीच घ्यायची," असं तीन वेळा बजावून बाबांनी आम्हाला तुतीच्या बागेत सोडलं, तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. मी ओढणीची खोळ केली, द्वारका वहिनीने पदर खोचला. तिच्या सहा वर्षांच्या मुक्ताने स्वतःची तुती ठेवायला घरून एक तांब्या आणला होता. दहा मिनिटांनी बघितलं तर तांब्या रिकामा आणि हिचे ओठ जांभळे.

"तुला तोडायला आणलंय का चरायला?" वहिनी म्हणाली.

"मी गोड आहेत का ते बघायले," मुक्ता म्हणाली आणि पुन्हा बघायला लागली.

आमच्याकडे तुती असते ती रेशमाच्या अळ्यांसाठी. माणसांनी तिची फळं खावीत असं कुणाच्या डोक्यातही येत नसे. दर दीड-दोन महिन्यांनी फांद्या छाटून पाला शेडमध्ये न्यायचा, अळ्यांना घालायचा, की बाग पुन्हा बोडकी. फळ पिकायला सवडच मिळायची नाही. पाल्याला आमच्या घरात जेवढा मान होता तेवढा जावयालाही नव्हता. पण त्या फाल्गुनात आम्ही अळ्यांची बॅच घेतलीच नव्हती. बॅच चालू असली की शेडच्या आसपास अगरबत्ती नको, अत्तर नको, फोडणीचा धूर नको, पाहुणे तर नकोच नको. आणि आमच्याकडे तर धाकट्या वहिनीचं, प्रणिताचं, डोहाळजेवण ठरलेलं. म्हणून बाग तशीच वाढू दिली आणि ती जन्मात कधी लगडली नव्हती एवढी लगडली.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. जालन्याला कॉलेजात जायचे आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी समजूत होती.

प्रणिता वहिनी लग्नानंतर अंगददादाबरोबर महाबळेश्वरला गेली होती आणि तिथे तिने आईस्क्रीमवर घातलेला स्ट्रॉबेरीचा लाल सॉस खाल्ला होता. सातवा महिना लागल्यापासून तिला चिंच नको, कैरी नको, तो सॉस पाहिजे. जालन्यात तेव्हा स्ट्रॉबेरी दिसायची ती फक्त बिस्किटाच्या पुड्यावर. मी टीव्हीवर एका बाईंना तसला सॉस करताना पाहिलं होतं. कुठलंही बेरीसारखं फळ घ्या, त्या म्हणाल्या, साखर घाला, लिंबू पिळा, "आणि हे आपल्याला शिजवायचंय फक्त..." एवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंगची वेळ आमच्या गावात देवाच्या आरतीपेक्षा नेमाने पाळली जायची. किती वेळ शिजवायचं ते त्या बाईंनाच ठाऊक राहिलं.

पण माझी ही सगळी धडपड नुसत्या डोहाळ्यासाठी नव्हती. आदल्या दिवशी दुपारी मी आणि प्रणिता वहिनी गच्चीवर वाळवण राखत बसलो होतो. ती एकदम म्हणाली, "ताई, मला ती वाटी उचलायची नाही हो."

डोहाळजेवणात दोन वाट्या झाकून ठेवतात, एकीत पेढा, दुसरीत बर्फी. पोटुशीने एक उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी म्हटलं, अहो, खेळ असतो तो, हसायचं नि सोडून द्यायचं. ती खाली अंगणात बघत राहिली. अंगणात मुक्ता लंगडी घालत होती आणि आमची केसर आत्या फोनवर तिच्याबद्दल विचारत असावी, कारण आई ओटीवरून ओरडून सांगत होती, "हाव, आहे ना बर्फी, खेळायली."

मला माझीच लाज वाटली. द्वारका वहिनीने सात वर्षांपूर्वी बर्फीची वाटी उचलली होती. त्याच क्षणी केसर आत्या भर बायकांत म्हणाली होती, "घ्या, लागला निकाल." पुढे मुक्ता झाली, तर तिला बाराव्या दिवशी नाव ठेवायच्या आधीच बर्फी हे नाव पडलं. सगळे लाडानेच म्हणायचे. आत्यासुद्धा लाडानेच म्हणायची, आणि कुणी नवं माणूस आलं की बर्फी का म्हणतात ते पहिल्यापासून सांगायची. वहिनीला नंतर मूल राहिलं नाही, त्याचं खापरही आत्याने त्या दिवशी पुढे झालेल्या हातावरच फोडलं. द्वारका वहिनी यावर कधी काही बोलली नाही. मात्र गावात कुणाचंही डोहाळजेवण असलं की तिला नेमकं शेडमध्ये काम निघायचं.

"काहीही निघालं तरी ते माझ्या बाळाच्या आधी घरभर होईल," प्रणिता वहिनी म्हणाली.

मी आईला विचारून पाहिलं, यंदा वाट्या नको ठेवू या का. आईने आत्याला फोनवर चाचपलं. आत्या म्हणाली, मग त्याला डोहाळजेवण कशाला म्हणायचं, नुसती पंगतच घाला. विषय मिटला. आत्या बाबांची थोरली बहीण. बाबासुद्धा तिच्या शब्दाबाहेर नव्हते. मग मी ठरवलं की वाटी चुकवता येत नाही तर निदान त्या दिवशी वहिनीला जे पाहिजे ते तरी तोंडात पडलं पाहिजे. हे मी भाकरी थापणाऱ्या द्वारका वहिनीला सांगितलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली आणि म्हणाली, "सकाळी लवकर उठ. मी येते."

तर आम्ही दोन पातेली तुती घेऊन घरी आलो. मुक्ता पुढे पळत गेली होती, तिने वाटेतच बातमी आणली की आत्या दुपारच्या नव्हे, पहिल्याच एसटीने आलीय आणि ओटीवर बसून सगळ्यांना कामं सांगतेय.

गॅस आईने आणि पुऱ्या लाटायला आलेल्या बायकांनी अडवला होता. आम्ही मागच्या पडवीत चूल पेटवली. तुती धुऊन एकेकीचा हिरवा देठ कातरीने कापायचा, ते काम मला वाटलं होतं पाच मिनिटांचं. दीड तास गेला. बोटं जांभळी, नखं काळी, माझ्या नव्या पंजाबी ड्रेसवर तीन डाग. वहिनीने एक कच्ची हिरवी तुती चोळून डाग पुसट केले आणि म्हणाली, "आता उड्या कमी मार." पण मला काही स्वस्थ बसवत नव्हतं. गावात आजवर कुणी न केलेली गोष्ट आपण करतोय हे मला एकेका देठागणिक जाणवत होतं.

आईने पडवीत डोकावून विचारलं की सॉस करायलात तर सोबत भजी तळायची का. तिला सॉस म्हणजे टोमॅटोचा, एवढंच ठाऊक. मी तिला समजावून सांगितलं की हा श्रीखंडावर घालायचा. आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी श्रीखंडात लोणचं कालवणार आहे, पण चक्का मात्र वेगळा काढून दिला. केशर न घालता पांढराच राहू दे, असंही माझं ऐकलं.

चुलीवर पातेलं चढवलं. तुतीच्या बरोबरीने साखर घातली. रस सुटला, उकळला, फेस आला. फेस काढला. मी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत थेंब धरून बघायला लागले. एकतारी पाक हे मला चालायला यायच्या आधीपासून कळत असावं. आमच्या घरात उन्हाळाभर कुठल्या ना कुठल्या पातेल्यापाशी कुणीतरी चिमूट उघडझाप करत उभंच असायचं. तार येईना. आणखी जाळ सारला. वहिनी म्हणाली, दाट व्हायला लागलंय गं. मी म्हटलं, तार आल्याशिवाय उतरवायचं नाही. शेवटी आली. एक लांब, न तुटणारी, देखणी तार. मी ती वहिनीला दाखवली, मुक्ताला दाखवली, पुऱ्यांवाल्या बायकांनाही जाऊन दाखवून आले.

पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवलं आणि अर्ध्या तासाने मोठ्या ऐटीत चमचा घातला. चमचा उभा राहिला. मी हात सोडला तरी उभाच. पातेलं कलतं केलं, उलटं केलं. सॉस हलला नाही.

मुक्ताने उलथण्याने एक खपली काढून तोंडात टाकली. तिचे दात चिकटले आणि ती दोन्ही हातांनी जबडा धरून पडवीभर फिरायला लागली.

अकरा वाजून गेले होते. तोडलेली तुती संपली होती. चार वाजता बायका येणार होत्या. मी चुलीपुढे बसून रडायलाच लागले. टीव्हीवरच्या बाईंना, वीज मंडळाला आणि स्वतःला, सगळ्यांना नावं ठेवून झाली. वहिनी मात्र त्या दगडाकडे बघत बसली होती.

"शिवू," ती म्हणाली, "आपण हा किती दिवसांसाठी केला?"

"म्हणजे?"

"तार कशाला आणतात? वर्षभर टिकावं म्हणून. पापड वर्षाचे, कुरड्या वर्षाच्या, मोरंबा वर्षाचा. हे आजच खायचंय ना?"

खरंच, आमच्या घरात एका दुपारपुरतं असं कधी काही शिजलंच नव्हतं. जे करायचं ते बरणीत भरायचं, दादरा बांधायचा आणि माळ्यावर ठेवायचं. तुती एका दुपारसाठी शिजवायची तर तिला तार लागतच नव्हती.

पण तुती आणायची कुठून? पिकलेली होती ती शेडला लागून असलेल्या तुकड्यात, आणि तो तुकडा बाबांनी पुढच्या बॅचसाठी राखला होता. त्यात कोंबडी शिरली तरी बाबा काठी घेऊन धावायचे. मी म्हटलं, बाबांना विचारायची माझी हिंमत नाही.

द्वारका वहिनी उठली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ बाहेर गेली. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण सासऱ्यांसमोर ती जास्तीत जास्त "चहा ठेवलाय" एवढंच बोलायची. मी खिडकीतून बघितलं. बाबा मांडववाल्याशी हुज्जत घालत होते. ती त्यांच्यापासून चार पावलांवर उभी राहिली आणि खाली मान घालून काहीतरी बोलली. बाबांनी हुज्जत थांबवली. मग त्यांनी शेडच्या बाजूला हात केला. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

"काय म्हणालीस गं?"

"म्हटलं, प्रणिताच्या जिवाचं आहे. चल, पळ."

आम्ही पळालो. मी पळाले ते समजण्यासारखं आहे, पण द्वारका वहिनीला पळताना मी पहिल्यांदा पाहत होते. पदर सुटला तरी तिने सावरला नाही. मुक्ता मागून ओरडत आली की मलाही घ्या, मी आता खाणार नाही, आणि तिने शब्द बराचसा पाळला. या वेळी देठ कापायला तिघी आणि जोडीला पुऱ्यांवाल्यांपैकी दोघी बसल्या. तासाभरात पातेलं पुन्हा चुलीवर.

साखर निम्मी. पाण्याचा थेंब नाही. तुतीने आपलाच रस सोडला आणि त्यातच ती मऊ पडली. पळीने थोडी ठेचली, थोडी अख्खी ठेवली. दोन उकळ्या, तिसरी, चौथी. रंग मात्र बघवेना, शाईसारखा काळा. तेवढ्यात आत्या पडवीत आली.

"शुभाच्या दिवशी काळं काय रांधायलीस?" ती म्हणाली. "वाटीत वाढलंस तर बायका काय म्हणतील?"

आत्या वाईट नव्हती. मला टायफॉइड झाला तेव्हा ती पंधरा दिवस माझ्या उशाशी बसून होती. पण तिच्या एका वाक्याने चूल विझली असती. टीव्हीवरच्या बाईंनी सांगितलेलं जे करायचं राहिलं होतं ते मी केलं. अख्खं लिंबू पातेल्यात पिळलं आणि ढवळलं.

काळा रंग हलला. कडेने जांभळा झाला, मग मधोमध किरमिजी, आणि पळी दोनदा फिरेपर्यंत सगळं पातेलं लालभडक झालं. मी किंचाळलेच. मुक्ताही किंचाळली. आत्यासुद्धा वाकून बघायला लागली. मी एका थंड ताटलीवर थेंब टाकला आणि ताटली कलती केली. थेंब आळसावल्यासारखा खाली सरकला, ना पळाला, ना चिकटला. वहिनीने लगेच पातेलं उतरवलं.

मी ताटलीवर निवलेला थोडा सॉस आत्याच्या बोटावर घातला. तिने चाटला, डोळे बारीक केले, "बरं आहे" म्हणाली आणि पुन्हा बोट पुढे केलं.

त्या वेळी वहिनीने मला एक विचित्र प्रश्न विचारला. "वाटीत श्रीखंडावर घालून झाकून ठेवला, तर तासभर तसाच राहील ना? विरघळून सगळं एक होणार नाही?"

मी म्हटलं, तासभर कशाला ठेवायचा, ऐन वेळी घालू. ती म्हणाली, विचारलं तेवढं सांग. मी म्हटलं, चक्का घट्ट असेल तर राहील. ती बरं म्हणाली आणि पातेलं रहाटावरच्या गार पाण्यात ठेवायला गेली.

आत्याने येताना परतूरच्या हलवायाकडून एक पेढा आणि एक बर्फी मुद्दाम वेगवेगळ्या कागदात बांधून आणली होती. वाट्यांत ती आईने ठेवायची असा आमच्या घरचा रिवाज. पण आईचे दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेत होते. द्वारका वहिनी पुढे झाली आणि म्हणाली, "द्या आत्या, मी ठेवते."

आत्याने दोन्ही पुड्या तिच्या हातात दिल्या. मग खूश होऊन म्हणाली, "ठेव. तुझ्याच हातानं ठेव. माणसाचं मन असं मोठं पाहिजे." मला वहिनीचं कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला. निदान आज तरी शेडमध्ये जायचं होतं हिने.

चार वाजता अंगण भरलं. प्रणिता वहिनीला हिरवी साडी, फुलांचे दागिने, डोक्यावर फुलांचाच मुकुट. केळीच्या खुंटांत मांडलेल्या खुर्चीवर ती बसली होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. ओटी भरून झाली. गाणी झाली. एका म्हाताऱ्या बाईने नाव घ्यायला लावलं, तिने कसंबसं घेतलं. मी दाराआड सॉसचं पातेलं घेऊन उभी. सारखी द्वारका वहिनीला खुणावत होते की आता आणू का, आणि ती मानेनेच सांगत होती, थांब. माझ्या पायांत मुंग्या आल्या होत्या.

आत्याने चौरंग पुढे ओढला. त्यावर चांदीच्या दोन वाट्या, वर झाकण्या, झाकण्यांवर मोगऱ्याच्या कळ्या.

"उचल बाई," आत्या म्हणाली. "देवाचं नाव घे अन् उचल."

बायका पुढे सरकल्या. प्रणिता वहिनीचा हात उठला, अर्ध्यावर थांबला आणि मांडीवर परत आला. कुणीतरी हसलं. आत्या म्हणाली, लाजायचं काय त्यात. तिने पुन्हा हात पुढे केला. मला वाटलं, धावत जावं आणि चौरंगच उलथून टाकावा. तेवढी छाती माझ्यात नव्हती.

"प्रणिता," द्वारका वहिनी म्हणाली. ती खुर्चीमागे उभी होती. "कोणतीही उचल. माझं ऐक. कोणतीही."

तिने डावीकडची झाकणी काढली.

मला आधी एवढंच सुचलं की अरे, माझा सॉस इथे कसा आला? पांढऱ्या श्रीखंडावर लालभडक तुती, ओघळही न आलेली, जशी घातली तशी. आत्याने वाटीत वाकून पाहिलं, मग वहिनीकडे.

"हे काय गं?"

"सॉस आहे, आत्या. शिवूने केला. तुम्ही खाल्ला ना."

आत्याने स्वतःच उजवी झाकणी काढली. त्यातही तेच. तिने दोन्ही वाट्या शेजारी ठेवून पाहिल्या, जणू एकीखाली दुसरं काही दडलं असेल.

"पेढा कुठंय? बर्फी कुठंय?"

"खाल्ली."

"कुणी?"

"मी. दोन्ही मीच खाल्ली," द्वारका वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण तिने खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरली होती की केळीची पानं हलत होती.

"मग आता समजायचं कसं?"

"दोन महिन्यांनी समजंल की."

मागच्या रांगेत कुणालातरी हसू फुटलं आणि दाबलं गेलं. मी पातेलं छातीशी धरून उभी होते आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळपासून मी एका वहिनीचे डोहाळे पुरवत होते. दुसरी वहिनी माझ्याच चुलीवर, माझ्याच पातेल्यात, काहीतरी वेगळंच शिजवत होती. सासऱ्यांसमोर उभी राहिली ती त्याच्यासाठी, पदर सोडून पळाली ती त्याच्यासाठी.

प्रणिता वहिनीला या कशाचं भान नव्हतं. तिने वाटीत बोट बुडवून चाटलं होतं. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तिने वाटीच तोंडाला लावली. तिचे डोळे भरून आले आणि नाकाच्या शेंड्याला लाल लागलं. मी आनंदाने खुळी झाले. "आवडला का हो?" मी दारातूनच ओरडले. ती भरल्या तोंडाने म्हणाली, "तिथल्यापेक्षा चांगला आहे, ताई."

आत्याचा चेहरा उतरला होता. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती गोंधळली होती. एवढ्या बायकांत तिचा एक रिवाज कुणीतरी खाऊन टाकला होता. ती आईकडे वळून म्हणाली, अगं, डब्यात पेढे असतील ना, आण, पुन्हा मांडू. आई पुऱ्यांचं तबक घेऊन उभी होती. ती हलली नाही.

तेवढ्यात मुक्ता बायकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत चौरंगापाशी आली. तिने दोन्ही वाट्या पाहिल्या.

"आई," तिने विचारलं, "माझ्या वेळी पण हेच होतं का?"

प्रश्न अगदी साधा होता, पण अंगणातल्या एकूण एक बाईला उत्तर माहीत होतं. आत्याचं तोंड उघडलं. द्वारका वहिनीने खुर्चीची पाठ सोडली. तिने माझ्या आईकडे पाहिलं.

कारण मुक्ताच्या वेळच्या वाट्या आईने भरल्या होत्या.

माझी आई खोटं बोलत नसे. एसटीत माझं अर्ध्या तिकिटाचं वय संपलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिने माझं पूर्ण तिकीट काढलं होतं, कंडक्टर नको म्हणत असताना. शेजारणीने उसनं मागितलं आणि घरात असलं, तर नाही म्हणणं तिला जमत नसे. आत्याला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. म्हणून आत्याही थांबली.

आईने तबक खाली ठेवलं. कणकेचे हात पदराला पुसले. चौरंगापाशी येऊन बसली आणि मुक्ताला जवळ ओढून घेतलं.

"हेच होतं," आई म्हणाली. "दोन्ही वाट्यांत. मीच ठेवलं होतं."